उन्हातून बर्फाकडे : लांबच्या यात्रेची तयारी

आपल्या शिरूर-दौंड भागात यात्रेची हौस मोठी. आळंदी, देहू, पंढरपूर ही तर आपल्या घरचीच. रांजणगावचा गणपती शिरूर तालुक्यातच आहे. सिद्धटेकचा गणपती दौंडपासून जवळ, भीमेच्या पलीकडे. पण हल्ली गावोगावची माणसे फार लांब जातात. हरिद्वार, केदारनाथ, बद्रीनाथ अशा यात्रांना निघतात. सुगी उरकली, हाती चार पैसे आले, की पाच-पंचवीस माणसे पारावर जमतात. बेत ठरतो.

बेत ठरतो, पण तयारी होते का? पुष्कळांची तयारी म्हणजे लाडू, चिवडा आणि नवे कपडे. बाकी सारा भार देवावर. आम्ही म्हणतो, देवावर भरवसा जरूर ठेवावा. पण आपली तयारी आपणच करावी. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

ह्या धड्यात आपण दौंड स्टेशनापासून केदारनाथापर्यंतची वाट पाहू. वाटेत हवा कशी बदलते, अंगावर तिचा काय परिणाम होतो, बरोबर काय न्यावे, हे समजून घेऊ.

१. एक वाट, तीन हवा

दौंड हे मोठे जंक्शन. दौंड ते मनमाड हा लोहमार्ग 1878 साली सुरू झाला. उत्तरेकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या ह्याच मार्गाने जातात. शिरूरला रेल्वे नाही. शिरूरकरांनी एस.टी.ने दौंडला किंवा पुण्याला यावे आणि गाडी धरावी.

गाडी दौंड सोडते. अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा आणि मग दिल्ली. एक दिवस आणि एक रात्र, त्याहूनही थोडे जास्त. दिल्लीहून पुढे हरिद्वार. वाटेत किती नद्या लागतात पाहा. घरची भीमा, मग गोदावरी, तापी, नर्मदा, चंबळ, यमुना आणि शेवटी गंगा.

ह्या एका वाटेवर तीन तऱ्हेची हवा भेटते.

पहिली आपली हवा. कोरडी आणि उन्हाची. ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

दुसरी उत्तरेच्या मैदानाची हवा. मे-जून महिन्यांत तिकडे उष्ण वारे वाहतात. त्यांना ‘लू’ म्हणतात. भट्टीचे दार उघडावे तशी झळ तोंडावर येते. पारा 45 अंशांपर्यंतही चढतो.

तिसरी हिमालयाची हवा. थंड, ओली आणि विरळ. मे महिन्यातही केदारनाथला रात्री पाणी गोठेल अशी थंडी पडू शकते. कधी बर्फही पडतो.

रेल्वे स्टेशनावर मोठी पिवळी पाटी असते. तिच्यावर गावाचे नाव असते. नावाखाली बारीक अक्षरांत त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आता तुम्हाला वाचता येते. दौंडच्या पाटीवरचा आकडा वाचा आणि वहीत लिहा. पुढे प्रत्येक मोठ्या स्टेशनावर तसेच करा.

आम्ही खाली ठोकळ आकडे देतो.

दौंड : सुमारे 500 मीटर
हरिद्वार : सुमारे 300 मीटर
गुप्तकाशी : सुमारे 1300 मीटर
गौरीकुंड : सुमारे 1980 मीटर
बद्रीनाथ : सुमारे 3100 मीटर
केदारनाथ : सुमारे 3580 मीटर

पाहिलेत? हरिद्वार आपल्या दौंडपेक्षाही खाली आहे. म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटर जाऊनही आपण चढलेलो नसतो. सगळी चढण शेवटच्या दोन-चार दिवसांत येते. ह्या यात्रेतला खरा धोका तोच आहे. तो आधी ओळखावा.

उंचीचा आणि थंडीचा एक साधा हिशेब आहे. हजार मीटर वर गेले की हवा साधारण 6 अंशांनी थंड होते. हरिद्वारपासून केदारनाथ तीन हजार मीटरहून जास्त वर आहे. म्हणजे सुमारे 20 अंशांचा फरक झाला. त्यात वारा आणि पाऊस असला की थंडी आणखी झोंबते.

२. कधी निघावे

केदारनाथाचे देऊळ वर्षभर उघडे नसते. हिवाळ्यात तिथे बर्फ साचते. देऊळ उघडण्याचा दिवस महाशिवरात्रीला जाहीर होतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ते उघडते आणि भाऊबिजेला बंद होते.

मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गर्दी फार. मैदानात लूचा ताप असतो. पण आपल्याकडे तेव्हा शेते मोकळी असतात. म्हणून आपली माणसे बहुधा तेव्हाच जातात. मृगाच्या आधी घरी परत येता येईल असा बेत करावा.

जुलै-ऑगस्टात जाऊ नये. तेव्हा डोंगरात पाऊस कोसळतो. दरडी पडतात, रस्ते बंद होतात.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. पाऊस ओसरलेला असतो, गर्दी कमी असते, लूही नसते. मात्र रात्री थंडी जास्त पडते. शिवाय आपल्याकडे तेव्हा रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई असते. ज्याच्या घरी मागे काम पाहणारे कोणी आहे, त्याने हा काळ धरावा.

३. महिनाभर आधीची तयारी

नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला कोणी जुंपत नाही. आधी मोकळे फिरवतात, मग हलके ओझे देतात. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे.

निघण्याआधी निदान महिनाभर रोज चालावे. पहिल्या आठवड्यात अर्धा तास. मग हळूहळू वाढवून तास-दीड तास. नुसत्या सपाट रस्त्याने चालू नका. गावाजवळ टेकडी असेल तर ती चढा आणि उतरा. टेकडी नसेल तर जिने चढा.

कोणी म्हणेल, “आम्ही दर वर्षी वारी करतो. आम्हाला चालायची काय भीती?” तुकोबांची पालखी आपल्या दौंड तालुक्यातूनच जाते. यवत, वरवंड, पाटस, रोटीचा घाट. ही वाट आपली माणसे भजन म्हणत चालतात. पायांना सवय आहे, हे खरेच. पण वारीच्या वाटेवर हवा आपलीच असते. केदारनाथाच्या वाटेवर पाय थकण्याआधी दम थकतो. वारी केली म्हणून केदारनाथ सोपे, असे समजू नये.

डॉक्टरांना दाखवून घ्या. ज्यांचे वय 55 च्या वर आहे त्यांनी तर दाखवलेच पाहिजे. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी वय न पाहता दाखवावे. पोटुशी बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिने निघूच नये. रक्तदाब मोजावा, साखर तपासावी. “मी एवढ्या उंचीवर चालत जाणार आहे,” असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नुसते “यात्रेला जातो” म्हणू नका. रोजची औषधे चालू असतील तर ती प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील अशी घ्या. औषधांची चिठ्ठीही बरोबर ठेवा.

बूट महिनाभर आधी घ्या. रोज घालून चाला. कोरे बूट घालून डोंगर चढणाऱ्याच्या पायाला संध्याकाळी फोड येतात. बूट निसरड्या दगडावर धरून राहील असा असावा. चपलेवर किंवा अनवाणी ही वाट चालू नये.

४. गाठोडे

गाठोडे हलके असावे. आपले ओझे आपल्याला उचलून अर्धा तास चालता आले पाहिजे. घरीच उचलून पाहा. जमले नाही तर त्यातले निम्मे काढा.

कपड्यांचा नियम असा. एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे. एकावर एक घातले की मधल्या हवेने ऊब राहते. उकडले तर एक काढता येतो. अंगालगत पातळ कपडा, त्यावर लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारा कोट. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे विसरू नका. डोके, कान आणि पाय उघडे राहिले की थंडी अंगात शिरते.

सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही. तो अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून भिजलेला कपडा अंगावर ठेवू नये. बायकांनी डोंगर चढताना घोळदार लुगडे नेसण्याऐवजी सलवार किंवा सैल पायजमा घालावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पाय अडखळत नाही, हे मोठे.

घोंगडी न्यावी का, असे लोक विचारतात. आपली घोंगडी चांगली. लोकर भिजली तरी ऊब देते. पण भिजली की ती फार जड होते. गाडीत आणि मुक्कामावर ती कामाची. चढणीवर पाठीवर घेऊ नये.

उन्हासाठी वेगळी तयारी. पांढरा सुती सदरा, डोक्याला पागोटे, टोपी किंवा पदर, कांदा असला तर न्याहारीला. कांदा खिशात ठेवल्याने लू लागत नाही, असे काही लोक मानतात. खिशातला कांदा काही करीत नाही. पोटात पाणी हवे.

खाण्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ घ्या. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. घरचाच चांगला गूळ मिळतो. चढणीवर गूळ-शेंगदाण्यासारखे खाणे नाही. हलके, टिकाऊ आणि ताकद देणारे. डाळ-तांदूळ मात्र बरोबर नेऊ नका. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते. म्हणून डाळ लवकर शिजत नाही. केदारनाथाच्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळू लागते.

५. कागद आणि पैसे

रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. गर्दीच्या दिवसांत जागा लवकर भरतात. म्हणून वेळेवर तिकीट काढा. फॉर्मवर प्रत्येकाचे वय बरोबर लिहा. म्हाताऱ्या माणसांना खालचा बाक मिळण्यास त्याची मदत होते.

तिकिटावरचे स्टेशनाचे नाव नीट वाचा. दौंडला दोन स्टेशने आहेत. एक दौंड जंक्शन आणि दुसरे दौंड कॉर्ड लाइन. काही गाड्या जंक्शनात येतच नाहीत, कॉर्ड लाइनवरूनच जातात. एकीकडे सामान मांडून बसायचे आणि गाडी दुसरीकडून जायची, असे होऊ नये.

केदारनाथ-बद्रीनाथाच्या यात्रेला सरकारी नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय वर सोडत नाहीत. ती उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर होते. गावातल्या शिकल्या मुलाकडून करून घ्या. पण नाव, वय, तारीख आपण स्वतः वाचून पाहा. आधारकार्ड बरोबर ठेवा. त्याच्या दोन छायाप्रती काढून वेगळ्या पिशवीत ठेवा.

हेलिकॉप्टरच्या तिकिटांच्या नावाखाली फसवणूक फार होते. फोन येतो, गोड बोलणे होते, आधी पैसे मागतात. अशा माणसाला एक पैही देऊ नका. सरकारने नेमलेल्या जागीच तिकीट मिळते. खेचर किंवा डोली हवी असली तरी सरकारी खिडकीवरच दर विचारावा आणि पावती घ्यावी.

पैशांचे तीन भाग करा. एक कमरेच्या कशात, एक सोबत्याजवळ, एक थोडासा वरच्या खिशात. डोंगरात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते. म्हणून फोनवरून पैसे देण्यावर सर्वस्वी विसंबू नये. थोडे रोख असावेतच.

आणि घर? जनावरांचे वैरण-पाणी कोण पाहणार, मोटार कोण चालू करणार, घरच्या म्हाताऱ्यांची औषधे कोण देणार, हे कागदावर लिहून ठेवा. मन मागे अडकले की यात्रेत पाऊल पडत नाही.

६. गाडीतले ऊन

पहिला मुक्काम गाडीतच. मे महिन्यात खांडवा सोडले की दुपार भाजून काढते. डबा तापतो. लोक म्हणतात, “पाणी जास्त प्यायलं की सारखं उठावं लागतं.” म्हणून तहान मारतात. हे फार वाईट. तहान लागण्याची वाट पाहू नका. घोट-घोट पाणी पीत राहा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तर मागितले नाही तरी द्या.

घाम फार गेला किंवा जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी द्यावे. ते असे करावे :

एक लिटर स्वच्छ पाणी.
चहाचे सहा सपाट चमचे साखर.
चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ.

हे माप बरोबर ठेवा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात ओ.आर.एस.ची पुडी मिळते. ती आणखी चांगली. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती घालावी. चार-सहा पुड्या घरूनच न्या.

एखाद्याचे अंग चटका बसेल असे तापले, तो असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करा. अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला. टी.सी.ला सांगा किंवा रेल्वेच्या 139 ह्या क्रमांकावर फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनळीत जाते.

७. डोंगरातली विरळ हवा

आता मुख्य गोष्ट.

आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू अंगात जातो. उंचावर हवा विरळ होते. केदारनाथला एका श्वासात जो प्राणवायू मिळतो, तो दौंडच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश असतो. भूक तीन भाकरींची आणि ताटात दोनच, तसे हे आहे. हृदय आणि फुप्फुसे जास्त काम करू लागतात.

शरीर ह्या हवेशी जुळवून घेते. पण त्याला दिवस लागतात. घाई केली तर आजार होतो. म्हणून असा बेत करावा :

पहिला व दुसरा दिवस : गाडीत, दिल्लीपर्यंत.
तिसरा दिवस : हरिद्वार. विश्रांती.
चौथा दिवस : मोटारीने गुप्तकाशी. देवप्रयाग आणि रुद्रप्रयाग वाटेत लागतात. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी मिळतात. तिथून पुढे नदीला गंगा म्हणतात.
पाचवा दिवस : गुप्तकाशीतच मुक्काम. थोडे फिरावे, भरपूर पाणी प्यावे.
सहावा दिवस : सोनप्रयागवरून गौरीकुंड. मुक्काम.
सातवा दिवस : पहाटे चढण. गौरीकुंडपासून सुमारे 16 किलोमीटर.
आठवा दिवस : उतरण.

यात्रा कंपनीवाले पाचवा दिवस गाळतात. एक मुक्काम वाचला की पैसे वाचतात. तुम्ही तो गाळू देऊ नका. ज्या पैशात माणूस गमवायचा, ते पैसे वाचवून काय करायचे?

चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. दर तासाला पाच-दहा मिनिटे बसा. बिडी, तंबाखू, दारू वर्ज्य. झोपेच्या गोळ्या घेऊ नका. खेचरावर बसून गेले तरी हवा विरळच असते. हेलिकॉप्टरने गेलेल्याला तर शरीर जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. त्याने जास्त जपावे.

पहिली लक्षणे अशी. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, जेवण नको वाटते. असे झाले तर वर चढू नका. तिथेच थांबा, विश्रांती घ्या. बरे वाटेना तर खाली उतरा.

धोक्याची लक्षणे अशी. बसल्या जागी धाप लागते. खोकल्यातून फेस येतो. ओठ निळे पडतात. चालताना झोक जातो. माणूस भलतेच बोलतो. अशा वेळी रात्र आहे, पाऊस आहे असे म्हणत बसू नका. वाटेवरच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि माणसाला खाली उतरवा. खाली उतरणे हेच पहिले औषध. छातीत दुखले तरी हेच करा.

८. दुखणे लपवू नका

समजा, एक आबा आणि त्यांचा मुलगा चढण चढत आहेत. अर्धी वाट झाली आहे.

“आबा, तोंड उतरलंय तुमचं. काय होतंय?”

“काही नाही रे. जरा डोकं धरलंय.”

“कधीपासनं?”

“सकाळपासनं. उलटी पण झाली एकदा. पण तू चल. एवढ्या लांब आलोय. आता माघारी काय म्हणून फिरायचं? गावात लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. आबा, देऊळ कुठं जात नाही. पुढच्या साली येऊ. चला, आधी खाली उतरू.”

पोराने बरोबर केले. दुखणे लपवण्याची आपली सवय जुनी आहे. म्हातारी माणसे मुलांचा खर्च वाया जाऊ नये म्हणून गप्प राहतात. बायका इतरांचा खोळंबा नको म्हणून गप्प राहतात. आणि मग वेळ निघून जाते. 2022 सालच्या यात्रेत शंभराहून जास्त यात्रेकरू दगावले. त्यांतले बरेचसे हृदय बंद पडून आणि उंचीच्या त्रासाने गेले.

म्हणून आम्ही सुचवतो की निघण्याआधीच सर्वांनी मिळून एक ठराव करावा. “जो आजारी पडेल तो सांगेल. त्याला कोणी बोल लावणार नाही. त्याच्याबरोबर एक जण खाली उतरेल.” हा ठराव घरीच झाला पाहिजे. डोंगरावर तो सुचत नाही.

आणखी एक आठवण ठेवा. 2013 सालच्या जूनमध्ये, 16 आणि 17 तारखेला केदारनाथाच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. वरचा चोराबारी तलाव फुटला. हजारो माणसे वाहून गेली. वाटेवरचे रामबाडा गाव नाहीसे झाले. तेव्हापासून पाऊस वाढला की सरकार यात्रा थांबवते. पोलिसांनी थांबवले तर हुज्जत घालू नये. थांबावे. त्यासाठी दोन दिवस आणि दोन दिवसांचा खर्च आधीच जास्त धरावा.

९. पाट्या वाचा

तिकडची भाषा हिंदी. पण हिंदीची अक्षरे आपलीच आहेत. तुम्हाला मराठी वाचता येते, म्हणजे तिकडच्या पाट्याही वाचता येतील. हे शब्द पाठ करा :

पंजीकरण : नोंदणी
पेयजल : पिण्याचे पाणी
शौचालय : संडास
प्रतीक्षालय : थांबण्याची खोली
चिकित्सालय : दवाखाना
आगमन : गाडी येणे
प्रस्थान : गाडी निघणे
निःशुल्क : फुकट
प्रवेश वर्जित : आत जाऊ नये
भूस्खलन क्षेत्र : दरड कोसळण्याची जागा
खोया-पाया केंद्र : हरवलेल्यांची चौकशी

‘भूस्खलन क्षेत्र’ अशी पाटी दिसली की तिथे थांबू नका, फोटो काढू नका. पुढे चला.

प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर आपले नाव, गाव, तालुका, जिल्हा, घरचा फोन आणि सोबत्याचा फोन लिहावा. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर तोही लिहावा. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, म्हणजे भिजणार नाही. ती स्वतःच्या हाताने लिहा. आता ते तुम्हाला येते.

दर मुक्कामाला माणसे मोजा. दोघा-दोघांच्या जोड्या करा. जोडीने जोडीदार सोडायचा नाही. चुकामूक झालीच तर कुठे भेटायचे, ते सकाळीच ठरवा. संकटात 112 ह्या क्रमांकावर फोन करा.

१०. शेवटची गोष्ट

यात्रेला गेलेला माणूस घरी सुखरूप परत आला, म्हणजे यात्रा पुरी झाली. शिर सलामत तर पगडी पचास. दर्शन एका वर्षी चुकले तर पुढच्या वर्षी होईल. गेलेला माणूस येत नाही.

घाई करू नका. पाणी प्या. दुखणे लपवू नका. ह्या तीन गोष्टी सांभाळल्या, तर उन्हातून बर्फापर्यंतची वाट सुखाची होईल. हा धडा घरातल्या न वाचणाऱ्या माणसांनाही वाचून दाखवा.

प्रश्न

१. दौंड उंच की हरिद्वार उंच? किती मीटरने?
२. एक लिटर पाण्यात साखर किती घालावी? मीठ किती घालावे?
३. गुप्तकाशीला एक दिवस जास्त का राहावे?
४. वारी करणाऱ्यालाही केदारनाथ अवघड का वाटते?
५. आबांनी डोके दुखत असल्याचे आधी का सांगितले नाही? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

करून पाहा

१. जवळच्या रेल्वे स्टेशनावर जा. पिवळ्या पाटीवरची उंची वाचून वहीत लिहा.
२. खिशात ठेवायची चिठ्ठी आजच लिहा.
३. घरातल्या एका माणसाला मीठ-साखरेचे पाणी करून दाखवा.